दगडी भिंतींच्या पार्श्व प्रतिरोधाची चाचणी

दगडी भिंतींच्या पार्श्व प्रतिरोधाची चाचणी म्हणजे मातीत, चुन्यात किंवा कोरड्या सांध्यांनी रचलेली पारंपरिक दगडी भिंत आडव्या बलाला कितपत आणि कोणत्या प्रकारे तोंड देते, हे प्रयोगशाळेत मोजण्याची पद्धत होय. भिंत मुळात वरून खाली येणारा भार पेलण्यासाठी बांधली जाते. भूकंपात मात्र जमीन बाजूला सरकते आणि भिंतीच्या व छपराच्या वस्तुमानामुळे आडवे बल निर्माण होते. या बलालाच पार्श्वबल म्हणतात. अभियांत्रिकीच्या या शाखेला विशेष गती मिळाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दगडी घरांची वस्ती असलेल्या प्रदेशांतील भूकंपांनंतर. या चाचण्यांतून वारंवार पुढे आलेला निष्कर्ष असा की, पारंपरिक भिंतीचा टिकाव दगडाच्या कठीणपणापेक्षा दगडांच्या आणि भिंतींच्या परस्पर जोडणीवर अधिक अवलंबून असतो.

भिंतीची घडण

घडीव दगडाचे थर लावून केलेले बांधकाम आणि ओबडधोबड डबराचे बांधकाम यांत मोठा फरक आहे. देवळे, घाट, किल्ल्यांचे दरवाजे यांत पहिला प्रकार आढळतो. सामान्य माणसाच्या घराच्या वाट्याला बहुधा दुसराच येतो. डबराची जाड भिंत वरून एकसंध दिसली तरी ती बहुतेक वेळा दुपदरी असते. बाहेरचा आणि आतला असे दोन पदर गवंडी स्वतंत्रपणे चढवत नेतो आणि मधली पोकळी बारीक दगड, चिप्प्या व माती यांनी भरतो. दोन्ही पदरांना एकत्र धरून ठेवणारे लांब, आरपार दगड अधूनमधून घातले असतील तर भिंत एक असते. नसतील तर त्या शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन पातळ भिंती असतात.

मराठवाड्यातील जुन्या घरांच्या भिंती ०.६ मीटरपासून एक मीटरपर्यंत, काही ठिकाणी त्याहूनही जाड असत. उन्हाळ्यात घर थंड राहते हा त्याचा खरा लाभ. वर लाकडी तुळया, कड्या, फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर देऊन केलेले माळवद असे. दर काही वर्षांनी गळती थांबवण्यासाठी मातीचा नवा थर चढे, जुना क्वचितच काढला जाई, त्यामुळे माथ्यावरचे ओझे पिढीगणिक वाढत गेले.

किल्लारीचा भूकंप

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांच्या सीमाभागात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाहून परतलेली माणसे झोपेत होती. भूकंपाची तीव्रता ६.२ इतकीच, म्हणजे जगाच्या हिशेबाने मध्यम होती. तरीही सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. यातील बहुसंख्य मृत्यू दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवरील माळवदे कोसळल्यामुळे झाले.

भूकंपानंतरच्या पाहणीत काही गोष्टी ठळकपणे दिसल्या. अनेक भिंतींचा बाहेरचा पदर सुटून रस्त्यावर पडला होता आणि आतला पदर घरात. कोपऱ्यांवर भिंती एकमेकींपासून उभ्या रेषेत विलग झाल्या होत्या. काही घरांत मात्र छपराचा भार स्वतंत्र लाकडी खांबांवर होता. तेथे भिंती ढासळूनही खणांचा सांगाडा उभा राहिला. लोकांच्या मनावर उमटलेला निष्कर्ष साधा होता: दगडाने घात केला. पुनर्वसनात अनेकांनी दगडी घराकडे पाठ फिरवली, आणि ज्यांनी सारे गमावले होते त्यांच्याकडून वेगळ्या निर्णयाची अपेक्षा करता येत नव्हती. प्रयोगशाळेसमोरचा प्रश्न मात्र वेगळा होता. नवे घर न मिळालेली, भेगाळलेल्या दगडी घरांतच राहणारी कुटुंबे फार मोठ्या संख्येने होती. त्यांच्या भिंतींत नेमके काय कमी आहे आणि ते कमी खर्चात भरून काढता येईल का, याचे उत्तर मोजून मिळवावे लागणार होते.

बलाच्या दोन दिशा

आडवे बल भिंतीवर दोन प्रकारे येते. भिंतीच्या लांबीच्या दिशेने आलेल्या बलाला समतलातील बल म्हणतात. ते भिंतीला पत्त्यांची चळत बाजूला सरकवावी तसे तिरपे करू पाहते. याच्या उलट भिंतीच्या तोंडावर काटकोनात आलेले बल समतलाबाहेरील होय. ते भिंतीला आत किंवा बाहेर ढकलते. लांबीच्या दिशेने भिंत बरीच ताठ असते, जाडीच्या दिशेने दुबळी.

जाडीच्या दिशेचा दुबळेपणा एका सोप्या हिशेबाने कळतो. मोकळी उभी असलेली, माथ्याला कशाशीही न बांधलेली भिंत पायथ्याच्या कडेवर उलटू लागण्यासाठी लागणारे आडवे त्वरण तिच्या जाडी व उंचीच्या गुणोत्तराइतके असते. ३ मीटर उंच आणि ६० सेंटिमीटर जाड भिंत एकसंध असेल तर हे प्रमाण गुरुत्वीय त्वरणाच्या ०.२० पट येते. तीच भिंत मधून फाटून २५ सेंटिमीटरचे दोन पदर सुटे झाले, तर प्रत्येक पदरासाठी ते ०.०८ पट इतके खाली येते. म्हणजे दगड तोच, गवंडी तोच, पण डोलण्याची सुरुवात निम्म्याहून कमी धक्क्यात होते. डोलू लागलेली एकसंध भिंत लगेच पडत नाही. तिचा गुरुत्वमध्य पायथ्याच्या कडेपलीकडे जाईपर्यंत ती पुन्हा जागेवर येऊ शकते. सुट्या पदरांना ही सवलत फारच थोडी मिळते.

‘भिंत जितकी जाड तितकी मजबूत’ ही समजूत येथे अपुरी ठरते. फार जाड भिंतीत मधला भराव वाढतो, आरपार जाईल एवढा लांब दगड मिळत नाही, आणि शिवाय वस्तुमान वाढल्याने भूकंपाचे बलही वाढते.

चाचणीच्या पद्धती

सर्वांत लहान प्रमाणावरील चाचणी सांध्याची असते. तीन दगड एकावर एक मसाल्याने जोडून कडेच्या दोघांना धरून ठेवतात आणि मधल्याला सरकवतात. सरकण्यास लागणारे बल वरच्या दाबाबरोबर वाढत जाते. त्यावरून मसाल्याची चिकटण्याची शक्ती आणि घर्षण वेगळे काढता येते. युरोपीय संहितेत सांध्याच्या कर्तनशक्तीच्या हिशेबासाठी उभ्या दाबाच्या ०.४ पट घर्षण धरले जाते. मातीच्या मसाल्यात चिकटण्याची शक्ती नगण्य असल्याने सारी भिस्त घर्षणावर राहते.

दुसरी चाचणी कर्णदाबाची. साधारण १.२ मीटर बाजूचा चौरस भिंतखंड तयार करून त्याला कर्णाच्या दिशेने दाबतात. दाब उभ्या कर्णावर दिला की आडव्या दिशेने ताण निर्माण होतो आणि खंड मधोमध उभा फाटतो. अमेरिकी मानकातील गृहीतकानुसार येथील ताणशक्ती बल भागिले क्षेत्रफळ याच्या ०.७०७ पट, तर दुसऱ्या प्रचलित विश्लेषणानुसार ०.५ पट येते. एकाच चाचणीतून निघणाऱ्या या दोन आकड्यांत सुमारे ४० टक्क्यांचा फरक पडतो. निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणाऱ्या विद्यार्थ्याने कोणता गुणक वापरला आहे हे आधी पाहणे आवश्यक आहे.

तिसरी आणि समतलातील वर्तनासाठी सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत दाब-कर्तन चाचणीची आहे. भिंतीवर छपराइतका उभा दाब कायम ठेवून तिचा माथा हायड्रॉलिक जॅकने आधी उजवीकडे, मग डावीकडे, असा टप्प्याटप्प्याने वाढत्या अंतराने ढकलतात. बल आणि विस्थापन यांचा आलेख वेटोळ्यांच्या रूपात मिळतो. वेटोळे रुंद असेल तर भिंत धक्क्याची ऊर्जा घर्षणात व भेगांत जिरवते. अरुंद असेल तर ती डोलून परत येते.

पूर्ण घराची परीक्षा कंपनमंचावर होते. यंत्राने हलवता येणाऱ्या मंचावर घराची प्रतिकृती बांधून तिला प्रत्यक्ष भूकंपाच्या नोंदीनुसार हादरे देतात. ही पद्धत महाग आहे आणि मोठे मंच जगात मोजकेच आहेत. प्रतिकृती लहान केली तर लांबी-रुंदी कमी करता येते, पण गुरुत्वाकर्षण कमी करता येत नाही. म्हणून लहान प्रतिकृतीत जादा वजने लावून प्रमाण जुळवावे लागते.

तुर्नशेक आणि चाचोविच यांचे सूत्र

तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील ल्युब्लियाना येथे तुर्नशेक आणि चाचोविच यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेले विश्लेषण या क्षेत्राचा पाया मानले जाते. भिंतीतील तिरपी भेग ही प्रत्यक्षात ताणाची भेग असते, असे गृहीत धरून त्यांनी कर्तनशक्तीचा संबंध भिंतीच्या ताणशक्तीशी आणि उभ्या दाबाशी जोडला. मूळ काम विटांच्या भिंतींवरचे होते. ६ मे १९७६ रोजी इटलीच्या फ्रिउली प्रांतात झालेल्या भूकंपाची झळ शेजारच्या स्लोव्हेनियालाही बसली, आणि त्यानंतर ही रीत दगडी भिंतींना लावली गेली.

या सूत्रानुसार कर्तनशक्ती उभ्या दाबाच्या प्रमाणात वाढत नाही. ती त्याहून बरीच सावकाश वाढते. ताणशक्ती ०.१४ मेगापास्कल असलेल्या उंच भिंतखंडावर ०.२ मेगापास्कल उभा दाब असेल तर कर्तनशक्ती सुमारे ०.१५ मेगापास्कल येते. दाब अडीच पट, म्हणजे ०.५ मेगापास्कल केला तर ती ०.२० मेगापास्कलच्या आसपासच पोहोचते. माळवदाच्या वजनाने भिंत दाबून बसते आणि पक्की होते, या जुन्या विश्वासाचा अर्धा भाग खरा आहे. पण दाबामुळे मिळणारी शक्ती सुमारे एकतृतीयांशाने वाढत असताना तेच वजन भूकंपात निर्माण करणारे आडवे बल वजनाच्याच प्रमाणात वाढते. हिशेब शेवटी तोट्याचा होतो.

उल्लेखनीय प्रयोग

पोर्तुगालमधील मिन्हो विद्यापीठात ग्रासा वास्कोन्सेलोस आणि पाउलो लोरेन्सो यांनी ग्रॅनाइटच्या तीन प्रकारच्या भिंती दाब-कर्तन चाचणीत तपासल्या: कापीव दगडाच्या कोरड्या रचनेच्या, अनियमित दगड मसाल्यात बसवलेल्या, आणि डबराच्या. २००९ साली हे काम प्रसिद्ध झाले. कमी दाबाखाली कोरड्या रचनेची भिंत प्रामुख्याने पायथ्यावर डोलली व परत आली. दाब वाढवल्यावर तिरप्या भेगा आणि दगडांचे तुकडे पडणे सुरू झाले. महाराष्ट्रातील हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देवळांतही घडीव दगड चुन्याविना रचलेले असतात. त्यांच्या भूकंपवर्तनाचा विचार करताना या प्रयोगांतील कोरड्या भिंती डबराच्या भिंतींपेक्षा जवळच्या वाटतात, मात्र देवळाचा आकार आणि वजन पाहता ही तुलना फार ताणता येणार नाही.

इटलीतील पाव्हिया येथे गुइदो माजेनेस, आंद्रेआ पेन्ना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनघड दगडाच्या दुपदरी भिंतींचा क्रमाने अभ्यास केला. आधी साहित्य, मग सुट्या भिंती आणि शेवटी पूर्णाकृती दुमजली घरे असा तो क्रम होता. भिंतींची जाडी ३२ सेंटिमीटर होती आणि जुन्या बांधकामाशी साम्य यावे म्हणून चुन्याचा मसाला मुद्दाम कमकुवत ठेवला होता. या बांधकामाची दाबशक्ती सुमारे ३.३ मेगापास्कल, तर ताणशक्ती अवघी ०.१४ मेगापास्कलच्या आसपास आढळली, म्हणजे दाबशक्तीच्या विसाव्या भागाहूनही कमी.

त्यानंतर सारख्याच भिंतींची तीन घरे कंपनमंचावर तपासण्यात आली. हादऱ्यांसाठी १९७९ सालच्या मॉन्टेनेग्रो भूकंपाची नोंद वापरली. पहिल्या घरात लाकडी मजला व छप्पर भिंतींवर नुसते टेकलेले होते. त्याच्या वरच्या भिंती बाहेर कलू लागल्या. दुसऱ्या घरात मजला आणि छप्पर भिंतींशी बांधले होते, तर तिसऱ्यात त्याबरोबरच मजला व छप्पर यांचा ताठपणाही वाढवला होता. या दोन्ही घरांत बाहेर कलण्याची क्रिया रोखली गेली आणि नुकसान समतलातील भेगांच्या रूपात, अधिक मोठ्या हादऱ्यांना दिसले. दगड-चुना बदलला नव्हता, बदलल्या होत्या त्या केवळ जोडण्या. या विषयावर एकच प्रयोग वाचायचा असेल तर हा वाचावा.

ग्रीसमध्ये ७ सप्टेंबर १९९९ च्या भूकंपात अथेन्सजवळील दाफ्नी येथील बायझंटाइन मठाची हानी झाली. तेथील तीनपदरी भिंतींच्या धर्तीवर एलिझाबेथ विन्त्झिलेऊ आणि सहकाऱ्यांनी नमुना-भिंती बांधून त्यांच्या पोकळीत पातळ मसाला दाबाने भरला. भिंतीवरील कुट्टिमचित्रांना बाधा होऊ नये म्हणून सिमेंटऐवजी जलीय चुन्यावर आधारित मसाला निवडला गेला. भरावानंतर पदर एकत्र काम करू लागले आणि भिंतीची शक्ती वाढली. वाळूइतक्या सैल पोकळ्यांत तो उत्तम भिनतो. मातीने गच्च भरलेल्या भिंतीत मात्र तो शिरतच नाही, त्यामुळे मराठवाड्यातील भिंतींना हा उपाय सहसा लागू पडत नाही.

रुरकी येथील धक्कामंच

भारतातील या विषयाचे मुख्य केंद्र रुरकी विद्यापीठ (२००१ पासून भारतीय तंत्रज्ञान संस्था, रुरकी) हे राहिले. पूर्ण आकाराच्या घरासाठी आधुनिक कंपनमंच परवडण्याजोगा नव्हता, तेव्हा तेथे रेल्वेची वाघीण वापरून धक्कामंच उभारण्यात आला. रुळांच्या छोट्या तुकड्यावर उभ्या केलेल्या वाघिणीवर घर बांधायचे आणि वजन भरलेली दुसरी वाघीण उतारावरून आणून तिच्यावर आदळवायची, अशी ही युक्ती. धक्का भूकंपासारखा लांबणारा नसतो, क्षणभराचा असतो. तरी तो कमी-अधिक करता येतो आणि दोन घरांची तुलना प्रामाणिकपणे होते.

एस. के. ठक्कर आणि पंकज अग्रवाल यांनी या मंचावर दगडी घरांच्या नमुन्यांवर केलेले काम २००० साली ऑकलंड येथील जागतिक भूकंप अभियांत्रिकी परिषदेत मांडले. बांधतानाच करायचे उपाय आणि उभ्या घरावर नंतर करायचे उपाय अशा दोन्हींचा त्यात विचार होता. दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून सर्व भिंतींना वेढणारा आडवा पट्टा, कोपऱ्यांतील उभ्या सळ्या आणि आरपार दगड हे त्यांतील प्रमुख.

आरपार दगड

भारतीय मानक १३८२८ (१९९३) हे कमी शक्तीच्या बांधकामाविषयीचे आहे. त्यानुसार डबराच्या भिंतीची जाडी ४५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, आणि दर ६०० मिलिमीटर उंचीला, आडव्या दिशेने १.२ मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता, भिंतीच्या पूर्ण जाडीचा दगड घालावा. एवढा लांब दगड मिळत नसेल तर पुरेशा लांबीचे दोन दगड एकमेकांशेजारी विरुद्ध बाजूंनी घुसवता येतात, किंवा लोखंडी सळी घातलेला काँक्रीटचा ठोकळा वापरता येतो.

उभ्या भिंतीतही आरपार जोड बसवता येतो. एका बाजूने दगड हलकेच काढत भिंतीला आरपार भोक पाडतात. ते दोन्ही तोंडांशी रुंद आणि मधे अरुंद, डमरूसारखे असते. त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळी ठेवून काँक्रीट भरतात. हे काम गावातला गवंडी करू शकतो आणि घर रिकामे करावे लागत नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर महाराष्ट्र शासनाच्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. त्याच कार्यक्रमात लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण हाती घेण्यात आले, आणि तेथे ही पद्धत वापरात आली. दुर्दैवाने गिलाव्याखाली गेलेला जोड दिसत नाही, रंगवलेली भिंत दिसते. त्यामुळे घरमालकाला या खर्चाचे महत्त्व पटवणे हे त्या कामातील अवघड अंग होते.

मर्यादा

प्रयोगशाळेतील भिंत नवी असते. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून वर्षानुवर्षे कठीण होत जातो, तर चाचणी बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उरकावी लागते. उलट मातीचा मसाला पावसाने धुपतो, त्यात उंदीर बिळे करतात, पिंपळाची मुळे शिरतात. हे सारे नमुन्यात आणता येत नाही. शिवाय निरीक्षकांसमोर काम करणारा गवंडी नेहमीपेक्षा नीट काम करतो, ही अडचण कोणत्याही सूत्रात मावत नाही.

यावर उपाय म्हणून इटलीत पाडायच्या जुन्या घरांतील भिंतखंड करवतीने मोकळे करून जागेवरच तपासले गेले. १९९७ च्या उंब्रिया-मार्के भूकंपानंतर कोर्राडी, बोर्री आणि व्हिन्योली यांनी केलेले असे प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाले. पुढे पेरुजा येथील अभ्यासकांनी अशा आकडेवारीच्या आधारे भिंत न फोडता, निरखून गुण देण्याची एक रीत तयार केली. मसाल्याचा कस, दगडाचा आकार, त्याचे आकारमान, त्याची अवस्था, आडव्या थरांची सरळता, उभ्या सांध्यांची फेरपालट आणि आरपार दगडांची उपस्थिती या सात गोष्टी तीत तपासल्या जातात. जाणता गवंडी ओळंबा लावण्याआधी नजरेने जे पाहतो, त्याचीच ही मोजदाद म्हणता येईल. सातांपैकी शेवटची गोष्ट पाहणे सर्वांत कठीण असते, कारण दगडाचे एक टोक दिसले तरी तो आत किती खोल गेला आहे हे कळत नाही. त्यासाठी सांध्यात बारीक भोक पाडून कॅमेरा आत सोडतात, किंवा भिंतीच्या एका तोंडावर हातोडीने ठोकून ध्वनितरंग पलीकडे पोहोचण्यास किती वेळ लागतो ते मोजतात; मधे पोकळी असेल तर तरंग उशिरा पोहोचतो.